पाचव्या चौकटीतली सही

सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी कार्डावरच्या पाचव्या चौकटीत सही झाली. ती पेंटरांनी केलेली नव्हती.

कार्ड पलंगाच्या पायथ्याशी अडकवलेलं असे. त्यावर सहा चौकटी होत्या, कारण डोस सहा होते: पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी, सकाळी नऊला एक आणि रात्री नऊला एक. प्रत्येक डोस शिरेतून, तीन तास चालणारा. औषधाचं नाव सायटाराबिन. पेंटरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेड्यासारख्या वाढल्या होत्या आणि त्यावर हा उपाय होता. मोठ्या मात्रेत हे औषध मेंदूच्या मागच्या भागाला बाधू शकतं. ते लवकर लक्षात यावं म्हणून प्रत्येक डोसच्या आधी पेशंटने चौकटीत सही करायची, बोट नाकाला लावायचं, सरळ रेषेत चालायचं आणि एक वाक्य बोलून दाखवायचं. यातलं काही बिघडलं तर डोस द्यायचा नाही.

पेंटरांना चालण्याची सूट होती. एकतीस वर्षांपूर्वी परांचीवरून पडल्यापासून ते लंगडत. "तुमच्या बाबतीत आम्ही हाताकडेच बघणार," डॉक्टर पहिल्या दिवशी म्हणाले होते. "अख्ख्या वॉर्डात इतका स्थिर हात कुणाचा नाही. माझाही नाही." पेंटरांनी ही स्तुती न लाजता स्वीकारली होती. चाळीस वर्षं बोर्ड रंगवणाऱ्या माणसाला ती माहितीच होती.

त्या सकाळी सिस्टरने कार्ड आणि पेन त्यांच्या हातात दिलं, तेवढ्यात शेजारच्या पलंगाचा पंप वाजायला लागला आणि ती तिकडे वळली. पेंटरांनी पेनचं टोक कागदाला लावलं. मग उचललं.

"अहो?" आई म्हणाली. घरात सगळे तिला आईच म्हणत, पेंटर सोडून. ते तिला काहीच म्हणत नसत, नुसतं बोलायला सुरुवात करत.

"हात झोपलाय. तू कर."

"मी?"

"येते ना तुला."

आईने केली. दहा सेकंदसुद्धा लागले नाहीत. सिस्टर परत आली, सही बघून "छान" म्हणाली आणि बाजूला वेळ लिहिली. पेंटरांनी बोट नाकाला लावलं, जरा सावकाश. मग सिस्टर म्हणाली, "काका, एक वाक्य बोला." पेंटर म्हणाले, "झालं." सिस्टरने ते वाक्य धरलं.

पेंटरांची मुलगी, धाकटी, पावणेआठला आली. दारापाशी मास्क लावला, हात चोळून धुतले आणि आत गेली. आत एका वेळी दोनच माणसांना परवानगी होती. पेंटर डोळे मिटून पडले होते. तिने सवयीने कार्ड बघितलं आणि तशीच उभी राहिली.

त्यांच्या दुकानाची एक रीत होती. बोर्ड कुणीही रंगवो, बाहेर पडताना त्याच्या उजव्या कोपऱ्यात पेंटरांचीच सही जायची. गिऱ्हाइकाला पेंटरांचा बोर्ड हवा असे, तो कुणी रंगवला याची चौकशी कुणी करत नसे. थोरला मुलगा आणि धाकटी ही सही करत मोठे झाले होते. त्यामुळे ती दोघांनाही यायची आणि दुसऱ्याने केलेली ओळखताही यायची. पेंटरांची खालची रेघ शेवटाकडे बारीक होत जाते, कारण ब्रशमधला रंग संपत येतो. पेनमधला रंग संपत नाही, तरी ते पेननेही तशीच ओढतात. पाचव्या चौकटीतली रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी जाड होती.

आई चादरीच्या घड्या घालत होती. तिच्या हातात एकच चादर होती आणि तिची घडी आधीच झालेली होती.

"आई, जरा बाहेर ये."

बाहेरच्या खोलीत एकमेकींना जोडलेल्या सहा खुर्च्या होत्या आणि थंड पाण्याची एक टाकी होती, जी गरम पाणी द्यायची. थोरला एका टोकाला बसला होता, अक्का दुसऱ्या. अक्का म्हणजे पेंटरांची मोठी बहीण. तिच्या मांडीवर औषधाचं माहितीपत्रक होतं. ते तिने प्लॅस्टिकमध्ये घालून आणलं होतं आणि त्यातल्या मुद्द्यांना स्वतःच्या हाताने आकडे घातले होते.

"सही कुणी केली?" धाकटीने विचारलं.

"कुठली सही?" थोरला म्हणाला.

"तू नाही केलीस, माहितीये. तुझी असती तर रेघ चढली असती."

"आल्या आल्या सुरू झाली."

सात महिन्यांपूर्वी थोरल्याने दुकानात अक्षरं कापायचं मशीन आणलं, आणि त्याच आठवड्यात धाकटी आपले ब्रश घेऊन दुकानाबाहेर पडली. तेव्हापासून दोघांचं बोलणं वडिलांच्या औषधांपुरतं होतं. आता ते औषधांविषयीच बोलत होते.

"मी केली," आई म्हणाली.

थोरला हसला. कुणीच हसलं नाही म्हणून थांबला. "तुला येते?"

"तू पाळण्यात होतास तेव्हा तुझे बाबा आठ महिने पडून होते. बोर्ड कसे गेले दुकानातून?"

"माणूस ठेवला होता ना."

"रंगवायला. सही मी करायचे. तुला झोपवून."

"हे कधी सांगितलं नाहीस."

"कुणी विचारलं नाही."

अक्काने चष्मा वर सरकवला. "पण आज का केलीस?"

"ते म्हणाले, हात झोपलाय."

"झोपलाय म्हणजे काय? मुंग्या? बधिर? की थरथर?"

"अक्का, ते एवढंच म्हणाले. ते जेवढं म्हणतात तेवढंच मला कळतं."

"मग सिस्टरला सांगायला हवं," धाकटी म्हणाली. "आत्ता. नऊला लावतील डोस."

"थांब," थोरला म्हणाला. "सांगितलं की काय होईल? थांबवतील. चारावर थांबवतील. डॉक्टर काय म्हणाले होते? सहाच्या सहा झाले तर आजार दबून राहायची शक्यता चांगली. मी वहीत लिहून घेतलंय. छोटे, दोनच राहिलेत. दोन."

"आणि हात?"

"जीव राहिला तर हाताचं बघू."

"तुला काय हाताचं. तुझं मशीन आहे."

"मशीन मध्ये आणू नकोस."

"मी नाही आणलं. तूच आणलंस."

"हळू बोला," अक्का म्हणाली. "समोर लिहिलंय, शांतता राखा." मग ती धाकटीकडे वळली. "त्याचं बरोबर आहे. माझ्या भावाने आयुष्यात एक बोर्ड अर्धा सोडला नाही. सही आली नाही एकदा, तर काय लगेच..."

"अकरावा मुद्दा वाच, अक्काआत्या," धाकटी म्हणाली.

"मला पाठ आहे."

"मग म्हण."

अक्काने तो न बघता म्हटला. चालताना तोल जाणे, बोलताना शब्द अडखळणे, अक्षर बदलणे, नेहमीपेक्षा जास्त गुंगी. यांपैकी काहीही आढळल्यास पुढचा डोस सुरू होण्यापूर्वी नर्सला सांगा. हा त्रास बहुधा बरा होतो, परंतु काही वेळा कायमचा राहू शकतो.

"ऐकलंस?" धाकटी थोरल्याला म्हणाली. "नुसतं अक्षर नाही. तोल. बोलणं. चमचा तोंडाला लावणं. ते सहा डोस पूर्ण करतील आणि मग शर्टाचं बटण तू लावून देशील."

"राहू 'शकतो'. सगळंच 'शकतं' त्या कागदात. ताप येऊ शकतो, तोंड सोलवटू शकतं, डोळे लाल होऊ शकतात..."

"डोळे मी लाल होऊ दिले नाहीत," अक्का म्हणाली.

हे खरं होतं. या औषधाने डोळे चुरचुरतात, सुजतात, म्हणून दर सहा तासांनी थेंब घालायचे असतात. पाच दिवस अक्का सकाळी सहा, दुपारी बारा आणि संध्याकाळी सहाला फोन करून ते घातल्याची खात्री करून घेत होती. चौथी वेळ तिने नाइलाजाने सिस्टरवर सोडली होती. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिची एकतीस वर्षं गेली होती. हेडफोन कानाला लावून ती दिवसाला चारशे माणसं ऐकायची, आणि पहिल्या शब्दावरून तिला कळायचं की बिघाड तारेत आहे की माणसात.

त्या सकाळी सहाला तिने विचारलं होतं, "टाकले का थेंब?" पेंटर म्हणाले होते, "टाकले." पण सुरुवातीचा "टा" उशिरा आला होता आणि मग लांबला होता, जिना उतरताना पायरी नीट न सापडलेल्या माणसासारखा. अक्काने फोन ठेवला आणि स्वतःला सांगितलं, लाइन खराब आहे. मग ती आंघोळीला गेली.

आता सव्वाआठ झाले होते. थोरला तिच्या बाजूने बोलत होता, म्हणजे ती थोरल्याच्या. ती दोघंच एका बाजूला होती आणि आई कुठेच नव्हती.

"मी सकाळी फोन केला त्याला," अक्का म्हणाली.

"रोजच करतेस," थोरला म्हणाला.

"त्याचं बोलणं ओढल्यासारखं येत होतं. मी म्हटलं, लाइन खराब आहे."

"असेल."

"नव्हती," अक्का म्हणाली. "मला काय लाइन ओळखता येत नाही?"

तिने माहितीपत्रक पिशवीत ठेवलं. आदल्या दुपारी थोरला वडिलांजवळ बसला होता, तेव्हा त्यांच्या हातून पाण्याचा पेला दोनदा सांडला होता. पहिल्यांदा त्याने फरशी पुसली. दुसऱ्यांदा पेला स्वतःच्या हातात धरून त्यांना पाणी पाजलं, आणि आजारपणात माणूस थकतोच असं समजून घरी गेला. हे त्याने त्या दिवशी सांगितलं नाही. सांगितलं ते दीड वर्षाने, आणि तेही एका वेगळ्याच भांडणात.

"मी जाते सिस्टरकडे," धाकटी उठली.

"तू बस," आई म्हणाली. "सही मी केली. मी सांगते."

"आई, दहा मिनिटं थांब," थोरला म्हणाला. "आधी बाबांना तरी विचारू. त्यांचं शरीर आहे."

"त्यांना विचारलं तर ते सांगू नको म्हणतील."

"म्हणूनच."

"म्हणूनच," आई म्हणाली आणि निघाली.

आत पेंटर जागे होते. समोरच्या दारावर कुणीतरी "हात धुवा" असं लिहिलं होतं. पहिल्या दिवसापासून ते त्यांच्या डोळ्यांत खुपत होतं, कारण दोन शब्दांमधली जागा इतकी सोडली होती की हात एका गावाला आणि धुवा दुसऱ्या. आज ती अक्षरं बाजूला सरकत होती आणि झटक्याने परत जागेवर येत होती. थेंबांमुळे असेल, असं त्यांनी ठरवलं. थेंब घातले की सगळं थोडं धुरकट दिसायचंच.

फसवणूक केली असं त्यांना वाटत नव्हतं. त्यांच्या घरातल्या कुणीही केलेली सही ही त्यांचीच सही होती, एकतीस वर्षं त्यावर कुणी हरकत घेतली नव्हती. डोसांचा हिशोबही त्यांनी आपल्या धंद्यातूनच मांडला होता. बोर्डाची पार्श्वभूमी एकाच डब्यातल्या रंगाने, एकाच बैठकीत भरायची. मध्ये थांबलं, दुसऱ्या दिवशी नवा डबा उघडला, की सांधा दिसतो. सावलीत नाही दिसत, पण ऊन पडलं की दिसतो. सहा डोस म्हणजे एक डबा. चारावर थांबलं तर सांधा राहणार, आणि आजार तिथूनच आत येणार. हे त्यांनी डॉक्टरांना विचारून बघितलं नव्हतं. रंगाच्या बाबतीत त्यांनी कधी कुणाला विचारलं नव्हतं.

सिस्टर टेबलाशी उभी राहून उलटीच्या औषधाची सिरिंज भरत होती. पेंटरांच्या औषधाची पिशवी तिच्या बाजूच्या ट्रेमध्ये आली होती, वर नाव आणि पाच हा आकडा.

"सिस्टर, ती सही माझी आहे," आई म्हणाली.

"कुठली, मावशी?"

"सकाळची. पाचवी. त्यांनी नाही केली, मी केली."

सिस्टरने सिरिंज खाली ठेवली. कार्ड काढून आणलं, चौथी आणि पाचवी चौकट शेजारी शेजारी निरखली. "हे तर हुबेहूब आहे."

"हो."

"आणि पहिल्या चार?"

"त्यांच्याच. हवं तर मुलीला विचारा, तिला कळतं."

सिस्टर अठ्ठावीस वर्षांची होती आणि त्या सकाळी तिच्याकडे सात पेशंट होते. "मी समोर उभं राहून घ्यायला हवी होती. ते माझं चुकलं," ती म्हणाली. मग तिने ट्रे उचलून मागच्या फ्रीजमध्ये ठेवला, डॉक्टरांना फोन लावला आणि एक कोरा कागद घेऊन आत गेली. आई तिच्या मागे गेली. वॉर्डाच्या काचेच्या अलीकडे बाकीचे तिघे येऊन उभे राहिले.

"काका, पुन्हा एकदा सही करायचीय. माझ्यासमोर."

पेंटरांनी सिस्टरकडे बघितलं, मग तिच्या मागे उभ्या असलेल्या बायकोकडे.

"तुला कुणी विचारलं होतं?" ते म्हणाले.

मग त्यांनी पेन घेतलं. सुरुवात बरी झाली. दुसऱ्या वळणावर हात पुढे निघून गेला, त्यांनी तो थांबवला आणि डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. उंच भिंतीवर काम करताना ते तसंच धरत. "तसं नाही, काका, एकाच हाताने," सिस्टर म्हणाली. त्यांनी डावा हात काढून घेतला. खालची रेघ कागदावरून निघाली ती क्लिपबोर्डच्या लाकडावर जाऊन थांबली.

धाकटी काचेपासून बाजूला झाली. थोरला नाही झाला. "छोटे," तो बहिणीकडे न बघता म्हणाला.

डॉक्टर नऊ वाजून पाच मिनिटांनी आले. त्यांनी पेंटरांना आपल्या बोटाच्या मागे डोळे फिरवायला लावले, तळवे भराभर उलटसुलट करायला लावले, चांगल्या पायाची टाच दुसऱ्या नडगीवरून सरळ खाली न्यायला लावली. टाच दोन ठिकाणी घसरली. सकाळच्या रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं होतं. मूत्रपिंड मंदावलं की हे औषध शरीरात जास्त वेळ राहतं आणि मेंदूला बाधायची शक्यता वाढते, असं डॉक्टरांनी बाहेरच्या खोलीत येऊन सगळ्यांना सांगितलं. खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी कुणी बसलं नाही.

"पाचवा थांबवलाय. सहावाही देणार नाही."

"चार पुरतील?" थोरल्याने विचारलं.

"ते बोनमॅरो तपासल्यावर कळेल. तीनचार आठवडे लागतील."

"आणि हात?" धाकटीने विचारलं.

"बहुतेकांचं काही दिवसांत सुधारतं. सगळ्यांचं सुधारत नाही. यांनी चारवर सांगितलं, हे बरं झालं. पाचवा गेला असता तर मी आत्ता वेगळं बोलत असतो." त्यांनी आईकडे बघितलं नाही. "आता एक काम करा. त्यांना बोलतं ठेवा. दर अर्ध्या तासाला चार वाक्यं बोलायला लावा. शब्द अडखळतात का, गुंगी वाढतेय का, लिहून ठेवा. वाढतंय असं वाटलं तर लगेच बोलवा, लगेच स्कॅन करू."

अक्काने नोंदीचा कागद आखला. पहिली वेळ दहाची, ती तिने स्वतःकडे घेतली.

दहाला पेंटर बोलले नाहीत. अक्काने त्यांना नाव विचारलं, वार विचारला, त्यांच्या शाळेतल्या मास्तरांची नक्कल करून दाखवली. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि डोळे मिटले. साडेदहाला थोरला गेला. "बाबा, मशीन विकून टाकू का?" त्याने विचारलं. पेंटरांनी मान हलवली. ती हो होती की नाही, हे थोरल्याला सांगता येईना. धाकटी अकराला गेली आणि दारावरच्या अक्षरांमधल्या जागेविषयी बोलली. त्यावरही नाही.

"रागावलाय," अक्का बाहेर म्हणाली. "लहानपणी रागावला की दोन दोन दिवस तोंड उघडायचा नाही. आमची आई दगडाशी बोलल्यासारखी बोलायची."

"माझ्याशी तर ओरडून भांडतात," थोरला म्हणाला. "गप्प बसलेले मी कधी बघितले नाहीत."

"तू बघितलंस काय."

बाराला डॉक्टर पुन्हा येऊन गेले. त्यांनाही उत्तर मिळालं नाही. जीभ बाहेर काढा म्हटल्यावर पेंटरांनी ती काढली, हात दाबा म्हटल्यावर दाबला. डॉक्टरांनी स्कॅनसाठी चिठ्ठी लिहिली, नंबर तीन वाजताचा लागला. मग त्यांनी आईला विचारलं, "ते एरवी चिडले की बोलणं बंद करतात का? हा राग आहे की औषधाचा परिणाम, ते कळायला हवं."

"माझ्याशी करतात," आई म्हणाली. "सगळ्यांशी नाही."

"शेवटचं काय बोलले?"

"'तुला कुणी विचारलं होतं?'"

"हे बोलताना अडखळत होते? शब्द ओढत होते?"

आईने आठवून बघितलं. "माझं लक्ष तिकडे नव्हतं," ती म्हणाली.

सिस्टरलाही नक्की आठवत नव्हतं, कारण ते बोलले तेव्हा ती पेन शोधत होती. काचेच्या बाहेर ऐकू आलं नव्हतं.

दीडची नोंद आईची होती. ती आत गेली, खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि बसली. काय बोलली ते तिने कुणाला सांगितलं नाही, पण ती वीस मिनिटं बोलत होती, आणि काचेतून दिसत होतं की पेंटरांचे डोळे उघडे आहेत आणि तिच्याकडे आहेत. बाहेर येऊन तिने अक्काच्या हातून कागद घेतला. त्यावर दहापासूनच्या सात नोंदी होत्या. तिने आठवी लिहिली. जागे आहेत. ऐकतात. बोललेले नाहीत.